कृष्णाकाठचे विद्यार्थी आणि परदेशी शहरे

सातारा-सांगली भागातून परदेशी शिकायला जाण्याची परंपरा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. पहिली चाळीस-पन्नास वर्षे ती बहुतांशी दुसऱ्याच्या पैशावर चालली. बोटीचे भाडे आणि तीन-चार वर्षांचा तिकडचा खर्च शेतीच्या किंवा पगाराच्या उत्पन्नातून उचलणारी घरे या भागात मोजकीच होती. त्यामुळे मुलगा जायचा तो कोणा संस्थानिकाच्या, धर्मसंस्थेच्या, शिक्षणसंस्थेच्या किंवा सरकारच्या आधाराने. काय शिकायचे, किती वर्षे राहायचे, परत येऊन कोणाकडे काम करायचे, हे बरेचसे निघण्याआधीच ठरलेले असे. विलायतेतल्या वा अमेरिकेतल्या शहरात त्याने कसे दिवस काढले, हे समजून घ्यायचे तर आधी त्याचा खर्च कोण करत होते ते पाहावे लागते.

उंब्रज हे या टापूच्या मध्यावरचे गाव. कराड तालुक्यात, पुणे-बंगळूर महामार्गावर, तारळी नदी कृष्णेला मिळते तिथे ते वसले आहे. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे. दुसरा कृष्णेपलीकडे मसूरला आणि आणखी दोन जवळच चाफळला. मसूरला रेल्वे स्टेशन आहे. पुण्याहून मिरजेकडे जाणारी मीटर गेज लाइन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली, तेव्हापासून उंब्रज भागातल्या माणसाला मुंबई गाठायची तर मसूर किंवा कराड स्टेशनावर गाडी धरायची, पुण्याला बदलायची आणि पुढे जायचे, हा एक मार्ग झाला. परदेशी शिक्षणाच्या इतिहासात या मसूर स्टेशनाला एक जागा आहे, आणि ती अभिमानाने सांगण्यासारखी नाही.

साताऱ्याचा माणूस लंडनमध्ये दीर्घकाळ राहिल्याचे पहिले ठळक उदाहरण विद्यार्थ्याचे नाही, वकिलाचे आहे. कंपनी सरकारने १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर केले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथे राहिले. मधल्या काळात महाराज काशीत निवर्तले आणि १८४८ मध्ये राज्यही खालसा झाले. ज्या धन्यासाठी आणि ज्या राज्यासाठी ते गेले ती दोन्ही उरली नव्हती, तरी रंगो बापूजी अर्ज करत राहिले. घरून येणारा पैसा आटला की परक्या शहरात माणसाचे काय होते, हे पुढच्या विद्यार्थ्यांना जे कळले ते त्यांनी आधीच भोगले होते.

शिकण्यासाठी समुद्र ओलांडायचा तर सुरुवातीला पैशाइतकीच मोठी अडचण धर्माची होती. परदेशगमनाने जात बाटते, परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागते, नाहीतर पंक्तीला कोणी बसत नाही, असा तो काळ. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्या तीन वर्षे शिकल्या. तिथला हिवाळा, धूर कोंडणारी शेगडी आणि अंगावर लुगडे अशा स्थितीत त्यांची प्रकृती ढासळत गेली. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि कोल्हापूर दरबाराने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची जागा देऊ केली. परदेशात शिकलेल्या मराठी स्त्रीसाठी घरच्या बाजूला नोकरी तयार ठेवणारे हे संस्थान उंब्रजपासून दोन-तीन दिवसांच्या बैलगाडीवर होते. आनंदीबाई तिथे रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. परदेशी शहरातला हिवाळा आणि क्षय यांची ही जोडी या इतिहासात पुन्हा भेटते.

दक्षिणेकडच्या पटवर्धनी संस्थानांपैकी जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डला गेले. फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. झालेल्या या मराठा तरुणाला युनिटेरियन मंडळींनी मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माच्या अभ्यासासाठी वर्षाला शंभर पौंड दिले. प्रवासखर्चाचा भार बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी उचलला. खर्च धर्मसंस्थेचा, म्हणून विषयही धर्माचा. पण शिंद्यांनी ऑक्सफर्डच्या व्याख्यानांइतकेच लक्ष इंग्लंडच्या शहरांतल्या गरीब वस्त्यांकडे आणि तिथे काम करणाऱ्या संस्थांकडे दिले. तिकडून ते ‘सुबोध पत्रिके’साठी लिहीत. १९०३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या उदार धर्मपरिषदेत निबंध वाचून ते परतले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ची स्थापना केली. देणाऱ्यांना उदार धर्माचा एक प्रचारक हवा होता. त्यांना अस्पृश्यतेच्या प्रश्नावर जन्म वेचणारा माणूस मिळाला.

त्याच १९०१ साली मसूर स्टेशनावर चार मुले उतरली. संध्याकाळचे पाच वाजले होते. अंगात नवे शर्ट, डोक्यावर जरीच्या टोप्या, पायात नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. त्यांतले एक नऊ-दहा वर्षांचे भीमराव रामजी आंबेडकर, बरोबर त्यांचे थोरले बंधू आणि दोन भाचे. वडील रामजी सकपाळ खटाव तालुक्यातल्या गोरेगावला तलावाच्या दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुटीत मुलांना त्यांनी बोलावले होते. मुलांनी पाठवलेले पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, म्हणून स्टेशनावर घ्यायला कोणी आले नाही. गाडीतली माणसे पांगली, मुले फलाटावर उभीच. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. मुले महाराची आहेत हे कळताच तो आपल्या खोलीत निघून गेला. बाहेर बैलगाड्या होत्या, पण एकही गाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. बरोबर खाण्याचा डबा होता, पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगूनही पाणी मिळाले नाही. डोंगराच्या पायथ्याशी गाडी सोडून त्यांनी उपाशीपोटी रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती गोरेगावला पोहोचली.

हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिला. मसूरच्या त्या प्रवासाआधीच साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव दाखल झालेले होते. ७ नोव्हेंबर १९०० ही ती तारीख, आणि महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. जुन्या राजवाड्यातली ही शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्या राजाच्या न्यायासाठी रंगो बापूजी लंडनला झिजले, त्याच्याच वाड्यात लंडन-न्यूयॉर्कला जाणारा विद्यार्थी इंग्रजीची पहिली अक्षरे गिरवत होता.

परदेशी शिक्षणासाठी बडोदे सरकारने ४ जून १९१३ रोजी आंबेडकरांशी करार केला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळायचे आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. आधी हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले, पण तिथले गोमांसाचे जेवण मानवेना म्हणून काही दिवसांत जागा बदलली. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहू लागले आणि ही मैत्री जन्मभर टिकली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र मुख्य विषय. एडविन सेलिग्मन आणि जॉन ड्यूई यांच्या शिकवण्याचा ठसा त्यांच्यावर कायमचा उमटला. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. शिष्यवृत्तीतून वाचवलेले पैसे एकीकडे घरी रमाबाईंना जात आणि दुसरीकडे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी दोनेक हजार ग्रंथ जमवले.

न्यूयॉर्कने त्यांना पदव्या दिल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खानावळीत कोणाच्याही शेजारच्या खुर्चीवर बसता येणे आणि ग्रंथालयात हवा तितका वेळ थांबता येणे. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून टाकली होती, असे त्यांनी त्याच आठवणींत नोंदवले आहे. अमेरिकेत वर्णभेद नव्हता असे नाही. कोलंबियाच्या शेजारीच हार्लेम ही काळ्या लोकांची वस्ती वाढत होती, आणि अमेरिकन निग्रोंची स्थिती व अस्पृश्यांची स्थिती यांची तुलना पुढे त्यांनी अनेकदा केली. १९४६ मध्ये या विषयावर त्यांनी काळ्या अमेरिकनांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्रही लिहिले. पण ज्या मुलाला मसूरहून जाताना वाटेत पाणी मिळाले नव्हते, त्याला या शहरात सहज श्वास घेता आला, ही गोष्ट त्याच्या सगळ्या पुढच्या राजकारणाच्या मुळाशी आहे.

जून १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी नाव घातले. वर्ष होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याने बोलावून घेतले. दुसऱ्याच्या पैशाचा अर्थ इथे कळतो. प्रबंध अर्धवट टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये ते परतले. सामानाची बोट वाटेत पाणतीराने बुडवली आणि जमवलेल्या पुस्तकांपैकी बरीच समुद्रात गेली. करारानुसार बडोद्याला नोकरीवर हजर झाले, तर राहायला जागा मिळेना. एका पारशी सराईत नाव बदलून दिवसाला दीड रुपया भरून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली दहा-बारा माणसे जिना चढून आली. ओळखीच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती गृहस्थाने आसरा द्यायला असमर्थता दाखवल्यावर त्यांनी मुंबईची गाडी धरली. परदेशातून परतलेल्या विद्यार्थ्याला इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे जुन्या जागी ढकलल्याचे दुसरे उदाहरण या इतिहासात नाही.

दुसऱ्यांदा ते जुलै १९२० मध्ये लंडनला गेले ते कोणाच्याही कराराशिवाय. सिडनहॅम कॉलेजच्या प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेले पैसे, भथेनांचे पाच हजारांचे कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, एवढ्यावर. परतण्याची तारीख आता कोणी ठरवणार नव्हते, पण रोजचा खर्च मात्र पै-पैने मोजावा लागत होता. घरमालकीण कडक. सकाळी चहा, पावाचा तुकडा आणि थोडे मासे. दुपारी जवळजवळ काही नाही. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात उघडल्यापासून बंद होईपर्यंत बैठक. रात्री दहाला भूक असह्य झाली की ओळखीच्या एका गुजराती गृहस्थाने दिलेले चार पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे, मग पुन्हा पुस्तक. या मुक्कामात एम.एस्सी., बॅरिस्टरी आणि ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा डी.एस्सी.चा प्रबंध एवढे सगळे झाले. १९२१-२२ मध्ये ते ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्‍रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केले. लंडनला शिकणारी मराठी मुले आज ते पाहायला जातात.

याच्या आधीच पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आणखी एक रीत रूढ केली होती. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले; त्याआधीच त्यांनी सोसायटीला शब्द दिलेला होता. सनदी नोकरीचा मोह बाजूला ठेवून ते तुटपुंज्या वेतनावर सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजला परतले. साताऱ्यात जन्मलेले गणेश सखाराम महाजनी हे या परंपरेतले. केंब्रिजला रँग्लर होऊन त्यांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवले, प्राचार्य झाले आणि पुढे राजस्थान, दिल्ली व पुणे विद्यापीठांचे कुलगुरू झाले. इथेही परतीची जागा आधीच ठरलेली होती. फरक इतकाच की बडोद्यासारखा कागद नव्हता, शब्द होता.

अमेरिकेची वाट या भागाला इंजिनिअरिंगने दाखवली. औंध संस्थानचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळची माळजमीन आणि दहा हजारांचे कर्ज दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. लक्ष्मणराव स्वतः अमेरिकन मासिके आणि यंत्रांचे कॅटलॉग वाचून शिकलेले. मुलाने हेच ज्ञान मुळातून घ्यावे असे त्यांना वाटले. १९२२ मध्ये त्यांचे चिरंजीव शंतनुराव आणि पुतणे माधव हे दोघे बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले. इथे पैसा घरचा होता आणि परतीचे ठिकाणही घरचेच, म्हणजे वाडीतला कारखाना. संस्थानाची किंवा सरकारची नोकरी समोर ठेवून जाणाऱ्या मुलांच्या तुलनेत हा मोठाच बदल होता.

त्या संस्थेचे वैशिष्ट्य असे की वर्गात शिकलेले प्रयोगशाळेत आणि कार्यशाळेत हाताने करून पाहावे लागे. हात काळे करणे हलके मानणाऱ्या समाजातून गेलेल्या मुलांना हे शिक्षण गणितापेक्षा वेगळ्या अर्थाने नवे होते. वाडीत वाढल्यामुळे किर्लोस्कर बंधूंना ते परके वाटले नाही. माधवना मात्र तिकडे क्षयाने गाठले आणि त्यांचे शिक्षण पुरे झाले नाही. आनंदीबाईंच्या नंतर चाळीस वर्षांनीही परदेशी गेलेल्या मुलाच्या घरचे लोक याच आजाराला सर्वांत जास्त भीत. शंतनुराव १९२६ मध्ये पदवी घेऊन किर्लोस्करवाडीला परतले. पुढे हरिहरला लेथ आणि पुण्याला डिझेल इंजिने बनू लागली. कृष्णेच्या काठी उसाला पाणी पाजणाऱ्या इंजिन-पंपांच्या मागे बोस्टनची ती चार वर्षे उभी आहेत. नांगरापासून सुरू झालेल्या कारखान्याने शिक्षणाचा खर्च केला आणि त्याचे फळ परत शेतकऱ्याच्या बांधावर आले. या भागापुरता विचार केला, तर परदेशी शिक्षणाचा इतका थेट उपयोग दुसऱ्या कोणत्याही उदाहरणात दिसत नाही.

औंधच्या राजवाड्यातूनही एक विद्यार्थी निघाला. राजेसाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत यांचा जन्म १९१२ चा. ऑक्सफर्डला शिकून आणि लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन ते १९३७ मध्ये परतले. बॅरिस्टरीचा अभ्यास त्या काळी एका विशेष रिवाजाने बांधलेला होता. प्रत्येक सत्रात आपापल्या इनमध्ये ठरावीक जेवणे घेतल्याशिवाय सत्र भरत नसे. घरी सोवळ्यात वाढलेल्या आणि शाकाहारी मुलांना लंडनच्या त्या लांब टेबलांवरची जेवणे ही परीक्षेआधीची परीक्षा असे. पण तिथेच भारताच्या वेगवेगळ्या प्रांतांतले तरुण शेजारी बसत आणि स्वातंत्र्याच्या चळवळीची चर्चा त्या टेबलांवर चाले.

आप्पासाहेबांनी परतल्यावर जे केले त्याला त्या काळच्या संस्थानी भारतात तोड नाही. राजेसाहेबांनी सत्ता सोडून प्रजेला द्यायचे ठरवले. पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्यासह आप्पासाहेब सेवाग्रामला गांधीजींकडे गेले आणि जानेवारी १९३९ मध्ये बहात्तर गावांच्या औंध संस्थानात ग्रामपंचायतींवर उभे असलेले जबाबदार राज्य सुरू झाले. राजपुत्राने साधेपणाने राहावे, ही गांधीजींची अट होती. ऑक्सफर्डहून आलेला राजाचा मुलगा संस्थानचा पंतप्रधान झाला तो खेड्यात राहायला तयार होऊन. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली कैदी वसाहत याच प्रयोगातून निघाली, व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागची प्रेरणा ती हीच.

स्वातंत्र्यानंतर आप्पासाहेब १९४८ मध्ये भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. पूर्व आफ्रिकेत तेव्हा इंग्रजांचे राज्य होते आणि आफ्रिकन तरुणांना उच्च शिक्षणाची दारे जवळजवळ बंद होती. भारत सरकारच्या शिष्यवृत्त्यांवर आफ्रिकन विद्यार्थी भारतात यावेत यासाठी त्यांनी खटपट केली आणि मुले येऊ लागली. इंग्रज सरकारला त्यांचे तिथले काम खुपत होते. १९५४ मध्ये ते तिथून परतले. परदेशी शहरात विद्यार्थी म्हणून राहून आलेल्या माणसाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी आपला देश खुला करावा, हे औंधच्या या पंतांनी करून दाखवले.

इतका आधार नसलेल्या घरांतल्या मुलांसाठी वाट काढली ती कर्मवीर भाऊराव पाटलांनी. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कराडजवळच्या काले इथे स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला आली. जातीपातीचा भेद न करता एकत्र राहणारी आणि कष्ट करून शिकणारी मुले हे तिथल्या छत्रपती शाहू बोर्डिंगचे वैशिष्ट्य. सांगलीजवळच्या कवलापूरचे पी. जी. पाटील कर्मवीरांच्या हाताखाली वाढले आणि इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. वकिलीत पैसा मिळवण्याऐवजी ते रयतेकडेच परतले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि महात्मा फुले यांचे लेखन त्यांनी इंग्रजीत नेले. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा लंडनला जाऊन येतो, ही गोष्ट कृष्णाकाठच्या गावांत तेव्हापासून अशक्य कोटीतली राहिली नाही.

स्वातंत्र्यानंतर आफ्रिका, मॉरिशस, इराण आणि आखाती देशांतले विद्यार्थी पुण्याला येऊ लागले, तेव्हा परक्या शहरातले हाल इथल्या लोकांना दुसऱ्या बाजूने दिसू लागले. गडहिंग्लजचे शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एका खोलीच्या खिडकीतून एक मुलगी आतल्या मुलाला जेवण देताना त्यांना दिसली. मॉरिशसहून आलेल्या त्या मुलाला कावीळ झाली होती आणि त्याची देखभाल करणारे कोणी नव्हते. त्यातून १९७१ मध्ये ‘सिंबायोसिस’ हे परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे सांस्कृतिक केंद्र निघाले आणि त्याचे पुढे विद्यापीठ झाले. भाड्याच्या खोलीसाठी वर्ण पाहून नकार, न मानवणारे तिखट जेवण, आजारपणात एकटेपण; पुण्यात परदेशी मुलांनी जे सोसले ते फिलाडेल्फिया आणि लंडनमध्ये मराठी मुलांनी सोसले त्याच जातीचे होते. यजमान म्हणून मराठी समाजाने त्याकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

१९६० नंतर या भागातली गुणी मुले अमेरिकेकडे वळली. कराड भागातले पृथ्वीराज चव्हाण पिलानीहून बर्कलीला गेले, तिथे अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतली, काही काळ कामही केले आणि १९७४ मध्ये परतून पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले. परतणारे मात्र थोडे. कराडला १९६० मध्ये निघालेले सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सांगलीला वालचंद महाविद्यालय असल्यामुळे पदवी इथेच घेऊन पुढचे शिक्षण अमेरिकेत, असा क्रम रुळला. तिकडच्या विद्यापीठाने सहायकपद दिले तर फी माफ आणि खर्चापुरता पगार, म्हणजे पैसा देणारा आता अमेरिकन प्राध्यापक झाला. त्याने परत जाण्याची अट घातली नाही आणि बहुतेक मुले गेली ती तिकडचीच झाली.

आजचा मोठा पैसा बँकेचा आणि बापाचा आहे. शेत किंवा घर तारण ठेवून काढलेल्या कर्जावर मुले जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेला जातात. तिकडे आठवड्याला ठरावीक तासच काम करता येते, आणि पदवीनंतर नोकरी मिळायच्या आतच इकडे हप्ता सुरू होण्याची वेळ येते. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. शाहू महाराजांनी १९२० मध्ये एका विद्यार्थ्याला केलेली मदत इथे योजनेच्या रूपात पोहोचली. पण पैसे वेळेवर न पोहोचल्याच्या तक्रारी होतात, आणि परक्या शहरात भाडे थकलेल्या मुलासाठी महिन्याचा उशीरही फार मोठा असतो.

वैद्यकीय शिक्षणाने नवी शहरे नकाशावर आणली. इथल्या खासगी महाविद्यालयांची फी परवडत नाही, सरकारी जागा मिळत नाही, म्हणून रशिया, युक्रेन, चीन, फिलिपिन्स आणि जॉर्जियाला जाणारी मुले सातारा-सांगलीतून मोठ्या संख्येने निघाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा खार्कीव्ह आणि कीव्हच्या तळघरांत, भुयारी रेल्वेच्या स्थानकांत अडकलेल्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांत या दोन जिल्ह्यांतली मुलेही होती. मिळेल त्या गाडीने, काही ठिकाणी थंडीत पायी, पोलंड, हंगेरी, रुमानियाची सरहद्द गाठायची आणि मग ‘ऑपरेशन गंगा’ची विमाने. सुमारे बावीस हजार भारतीय त्या काळात परत आले. घरी पोहोचल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला. निम्मे शिक्षण झालेल्या या मुलांना भारतातल्या महाविद्यालयांत सामावून घेता येणार नाही, असे केंद्राने स्पष्ट केले. कर्ज काढलेले होते, वर्षे गेलेली होती. काहींनी युक्रेनच्या विद्यापीठांचे वर्ग ऑनलाइन चालू ठेवले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या देशांतल्या विद्यापीठांत बदली घेण्याला मान्यता दिली, तेव्हा अनेकांनी जॉर्जियासारख्या देशांत नवी खोली शोधून अभ्यास पुढे सुरू केला.